तसराळेबाई

माझ्या मावशीला दवाखान्यात सगळे तसराळेबाई म्हणत, अर्थात तिच्या पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. तीस वर्षं ती ऑपरेशन थिएटरात सर्जनच्या हातात अवजारं देत होती. तेव्हा रबरी हातमोज्यांना पावडर असे. सर्जन पोटात हात घालणार, एवढ्यात ही सलाईनचं पसरट तसराळं पुढे धरून उभी. हातमोजे धुतल्याशिवाय चाकू मिळत नसे.

"सिस्टर, उशीर होतोय," एक नवा डॉक्टर एकदा चिडला.

"मग लवकर धुवा."

तिचं म्हणणं साधं होतं. पोटातल्या अवयवांवरचं अस्तर फार नाजूक. त्याला पावडर लागली, ते सुकलं, उगाच चिवडलं गेलं की दुखावतं आणि चिकट पाझर सुटतो. बहुतेकदा तो काही दिवसांत विरघळतो. नाही विरघळला तर त्यात धागे विणले जातात, धाग्यांचे पट्टे होतात, आणि आतडं आतड्याला नाहीतर पोटाच्या भिंतीला कायमचं चिकटतं. रोगी बिचारा वरचे सुबक टाके बघून खूश. "आतलं कोण बघतंय?" असं कोणी म्हटलं की मावशीचा जमदग्नी व्हायचा. माझ्या बघण्यात इतकं चोख काम करणारं दुसरं माणूस नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी तिचं गर्भाशय काढावं लागलं. ऑपरेशन केलं त्याच चिडलेल्या डॉक्टरांनी. आता सत्तरी उलटल्यावर आतड्यात गाठ निघाली. पुन्हा तेच डॉक्टर, तेही आता पिकलेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मागच्या ऑपरेशनमुळे आत फार चिकटलं असेल, तर सोडवताना आतडं फाटू शकतं. या वयात ते झेपणार नाही."

मी घाबरतच ते मावशीला सांगितलं. तिचं मात्र भलतंच.

"मागच्या वेळी मी भुलीखाली होते," ती म्हणाली. "तसराळं कोणी धरलं असेल?"

तीन तासांनी डॉक्टर बाहेर आले. "गाठ काढली. चिकटलेला एकच बारीक पट्टा होता. बाकी सगळं सुटं." माझ्या जिवात जीव आला आणि मी तिथेच रडले.

शुद्धीवर आल्यावर मावशीनं गाठीचं विचारलंच नाही. "चिकटलं होतं?"

"एक पट्टा," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे तेव्हा धुतले होतेत."

"आजही धुतले, सिस्टर. आता हातमोज्यांना पावडर नसते, तरी."

"मग उगाच उशीर केलात," मावशी म्हणाली आणि समाधानानं डोळे मिटले.