उंबऱ्याबाहेर विचारलेला प्रश्न

"नाही," छाया म्हणाली. तिच्यामागे बसलेली सासू, जाऊ आणि दारातला नवरा यांनीही त्याच सुरात "नाही" म्हटले. प्रश्न मात्र एकट्या छायाला होता: अलीकडे मरून जावे असे वाटले का?

शेतीच्या त्या पडत्या वर्षांत पातूर तालुक्यात मी नैराश्याची प्रश्नावली घेऊन हिंडत होते. मूळ प्रश्न इंग्रजी. आम्ही त्यांचा मराठी अनुवाद केला, मग मूळ न पाहिलेल्या व्यक्तीकडून तो पुन्हा इंग्रजीत करवून अर्थ पडताळला. याला बॅक-ट्रान्सलेशन म्हणतात. अनुवाद चोख ठरला. तरीही घरोघरी शेवटच्या प्रश्नाला हेच दबलेले "नाही" येई, आणि मग कोणीतरी छताकडे पाही.

छाया झोपत नव्हती, जेवत नव्हती, बाळाला जवळ घेत नव्हती. तिचे "नाही" मला पटेना. मी निघाले, तर सासूबाईंनी वाट अडवली. आधी घरात उभे राहून 'इथं सगळं चांगलं होईल' म्हणा, मगच जा, असा त्यांचा हट्ट. मी म्हटले. त्यांनी वर पाहिले आणि मला सोडले.

छाया मागोमाग रस्त्यावरच्या जीपपर्यंत आली.

"मॅडम, मंगाशी इचारलं ते आता इचारा."

"घरात का नाही सांगितलंत?"

"घरात कसं बोलू? वास्तू तथास्तु म्हणते. लेकरू हाये ना घरात."

मी तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला.

"दुपारी विहीर हाक मारते मले," ती शांतपणे म्हणाली. "माह्या मायच्या आवाजात. माय तं कवाचीच गेली. काल मी काठावर बसली होती. आज ते वाट पाहून राहिली."

तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उशीर होत असल्याची घाई होती.

मी तिचा हात सोडला नाही. नवऱ्याला बाहेर बोलावले. रस्त्यावर आल्यावर तोही म्हणाला, की त्याला संशय होताच. त्याच जीपने आम्ही तिला अकोल्याच्या रुग्णालयात नेले.

दुसऱ्या दिवशी या पाहणीचे प्रमुख असलेल्या सरांना भेटून घडलेले सांगितले आणि विचारण्याची पद्धत बदलू या म्हटले.

"प्रश्नावली प्रमाणित आहे. काही बदललंस तर डेटा बिघडेल."

"शब्द तेच राहतील, सर. फक्त घराबाहेर विचारू. डेटा आधीच बिघडलेला आहे."

सरांनी भरून आलेल्या प्रश्नावल्या पुन्हा चाळल्या. मग पाहणी झालेल्या सगळ्या घरी पुन्हा जायला सांगितले.

या खेपेला एकेकाला झाडाखाली बसवून विचारले. "हो" येऊ लागले.

छायावर उपचार झाले. काही आठवड्यांनी ती तपासणीला आली, तेव्हा बाळ तिच्या कडेवर होते. हाक आता येत नाही, असे तिने सांगितले.

अनुवादातला प्रत्येक शब्द आम्ही दोनदा तपासला होता. ऐकणारे कोण आहे, एवढेच तपासायचे राहिले होते.