सेक्रेटरी काका आणि एक वाजताचं ताट

आमच्या कोथरूडच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका जन्मले तेव्हा रडले नसणार. त्यांनी पाळण्याला सूचना चिकटवली असणार. लोक जे तोंडाने बोलतात, ते काका लिहून लावतात. 'लिफ्ट ही गप्पांची जागा नव्हे.' 'शिंकणाऱ्याने आपला मजला सांगावा.' काकूंच्या वाढदिवशी तर त्यांनी स्वयंपाकघराच्या दारावर 'आज पोळ्या मी करणार आहे. हसू नये' असा कागद लावला होता. काकू हसल्या, आणि पोळ्याही शेवटी त्यांनीच केल्या.

लॉकडाउनमध्ये आमच्या तिसऱ्या मजल्यावर टांझानियाहून शिकायला आलेला एक विद्यार्थी अडकला. सोबतची मुलं गावी गेली, विमानं बंद, कॉलेज मोबाइलवर. एरवी जिन्यात गुणगुणत जाणारा हा मुलगा दिसेनासा झाला. काकांनी फळ्यावर लिहिलं, 'वाळलेले कपडे चार दिवस दोरीवर ठेवू नयेत.' कपडे हलले नाहीत. काकांच्या सूचना धुडकावणारे सोसायटीत पुष्कळ आहेत, पण हा त्यांतला नव्हता. पाचव्या दिवशी काका दोन मास्क लावून त्याच्या दाराशी गेले. मी मागे जिन्यात उभा होतो.

"झोप येत नाही, काका," तो मोडक्या मराठीत म्हणाला. "आईकडे कधी जाणार, माहीत नाही. उठून काय करू?"

"काय करू म्हणजे? कपडे काढ दोरीवरचे. जेवलास?"

"हो."

"खोटं. उद्यापासून दुपारी एक वाजता गॅलरीत यायचं आणि ताट दाखवायचं."

मग रोज एक वाजता काका खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून मान वर करून बसू लागले. डबा काकूंचा, तपासणी काकांची. "भाजी कुठाय?" हे सगळ्या सोसायटीला ऐकू जाई. एकदा डब्याच्या झाकणावर त्यांनी कॉलेजच्या समुपदेशक बाईंचा नंबर चिकटवला. खाली लिहिलं होतं, 'लाजू नये. फोन करावा.' त्याने केला. काही आठवड्यांनी जिन्यात पुन्हा गुणगुणणं ऐकू आलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. विमानं सुरू झाल्यावर तो घरी गेला.

गेल्या वर्षी काकू गेल्या. बरेच दिवस फळा कोराच होता. परवा दुपारी मी काकांकडे बसलो होतो. बरोबर एकला फोन वाजला आणि पडद्यावर तोच मुलगा दिसला.

"काका, ताट दाखवा."

काकांनी निमूटपणे ताट फोनसमोर धरलं.

"भाजी कुठाय?"

"घेतो, घेतो," म्हणत काका उठले आणि खरोखरच भाजी वाढून घेऊन आले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "फार आगाऊ झालाय." जेवायच्या टेबलामागे भिंतीवर त्यांच्याच अक्षरातला कागद होता: 'एक वाजता फोन येतो. भूक नसली तरी ताट वाढावे.'