कोरडी भिंत

आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा बँकेत कारकून आहे. जपानी कार्टूनवाल्यांच्या चित्रांची जाडजूड पुस्तकं मागवतो. हात धुऊन, पुसून, पंख्याखाली वाळवून मगच पान उलटतो, तेही जपानी रीतीने, उजवीकडून. बोलतो इतकं हळू, जणू पुस्तकं झोपली आहेत. चित्रं सुंदर आहेत, त्याबद्दल माझं भांडण नाही.

त्याच्या घरात एकच भिंत कोरडी आहे. तिथे त्याच्या आईची खाट होती. या पावसाळ्यात त्याने ती खाट ओल आलेल्या भिंतीकडे सरकवली आणि तिच्या जागी पुस्तकांचं कपाट लावलं. म्हातारी आता दिवसभर खोकते.

मी वर जाऊन सरळ विचारलं, "लाज नाही वाटत रे?"

"अहो काकू, सीलन लागली की पानं चिकटतात. ही पुस्तकं परत मिळत नाहीत."

"आणि आई काय टावर चौकातल्या बाजारात मिळते?"

तो हसला आणि कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या बदलत बसला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "एक पुडी आईच्या उशाखाली पण ठेव!"

त्याने जरा विचार केला आणि खरंच ठेवली. काढून टाकलेल्या जुन्यांतली.