नटबोल्टच्या घरातला वास्तुपुरुष

निवृत्तीनंतर आम्हां दोघांना धारला परतायचं आहे, म्हणून देवासचं घर सुटं करून नेता येईल असंच मी बांधून घेतलं. लोखंडी सांगाडा नटबोल्टचा, भिंती स्क्रूने बसवलेल्या, खाली लाकडी फळ्या. सगळा विचार झाला आहे अशी माझी समजूत होती.

वास्तुशांतीला गुरुजींनी विचारलं, "ताई, वास्तुपुरुष कुठे पुरायचा?"

मी आग्नेय कोपऱ्यातली फळी उचलली. "इथे. जाताना काढून घेऊ."

"पुरलेला काढत नाहीत हो!"

"मग धारला नवा पुरू," नवरा म्हणाला.

सासूबाई दारातच थांबल्या. "निसरपूरचं घर धरणाचं पाणी चढायच्या आधी उतरवलं आम्ही. दारं आणली, वासे आणले, छपरावरचे कवेलूसुद्धा आणले. तिथला वास्तुपुरुष तेवढा पाण्याखाली राहिला. याही वेळी सोडून जायचा असेल, तर मी या घरात पाऊल टाकणार नाही."

गुरुजी माझ्याकडे बघू लागले, मी गुरुजींकडे.

शेवटी मी पितळी डब्यात माती भरली, वास्तुपुरुष तिच्यात पुरला आणि डबा फळीखाली ठेवला. गुरुजींनी मंत्र म्हटले आणि मान हलवली. ती होकाराची की नकाराची, समजलं नाही. सासूबाई मात्र आत आल्या आणि चहा मागितला.

आता हा डबा धारला नेला, तर वास्तुपुरुष काढला असं होईल की नाही? जमीन त्याची, की घर त्याचं? फळी पुसताना रोज विचार करते, आणि रोज माझं उत्तर बदलतं.