साहेबाने दिलेलं नाव

आमच्या लॅबचा इंग्रज प्रमुख मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि नऊ वर्षांत आवडण्यासारखं त्याने काही केलंही नाही. रियाधच्या त्या हॉस्पिटलात त्याला एकच छंद होता, इंग्रजी नावांची कुळं काढायचा. चहाच्या सुट्टीत आम्ही घड्याळाकडे बघत उभे, आणि हा सांगतोय, स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, शेवटी 'टन' आलं की समजा गाव. जसे काही आमच्याकडे लोहार-शिंपी नाहीतच! माझ्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, त्यात रत्नागिरीजवळचं आमचं गाव अख्खं बसलंय. पण ते त्याच्या जिभेला जड.

माझं नाव अरबी, अब्बांनी मौलवींना विचारून ठेवलेलं. इथला कुठलाही सौदी पेशंट ते अब्बांपेक्षा छान उच्चारतो. साहेबाला मात्र जमेना. रुजू झाले त्याच आठवड्यात त्याने मला एक सुटसुटीत इंग्रजी नाव दिलं. "अर्थ मधमाशी," म्हणाला, "तू कामसू आहेस ना!" मी हसले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. बिल्ल्यावर, ड्युटीच्या तक्त्यावर, ट्रेनिंगच्या नोंदींत मधमाशीच बसली, आणि मीही त्याच नावाने सह्या ठोकत गेले.

गेल्या वर्षी हुफूफच्या एका हॉस्पिटलात वरची जागा मिळत होती. मी कोणकोणत्या तपासण्या केल्या, याचं प्रमुखाच्या सहीचं पत्र त्यांना हवं होतं. साहेबाने दिलं, मधमाशीच्या नावाने. त्यांनी परत पाठवलं. ही कोण? तीन दिवसांत नीट पत्र आणा, नाहीतर जागा दुसऱ्याला.

मी ते त्याच्या टेबलावर आपटलं.

"नोंदी त्याच नावाच्या आहेत," तो थंडपणे म्हणाला. "ती तूच, असं दोन सहकाऱ्यांकडून लिहून आण."

नाव याने ठेवायचं आणि साक्षीदार मी शोधायचे! चोराच्या उलट्या बोंबा.

माझ्या शेजारी बसणारी मल्याळी बाई आणि पलीकडचा सुदानी, दोघं लगेच तयार झाले. नऊ वर्षांचे सोबती. तिने कागदावरचं माझं नाव दोनदा वाचलं.

"ये तेरा नाम है? कितना अच्छा है!"

मग दोघांनी खाली आपापली नावं लिहिली, इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, आहेत तशी, पूर्ण. मी वाचली. दोन्ही मला नवीन होती. नऊ वर्षं मीही त्यांना साहेबाने दिलेल्या नावांनीच हाका मारत होते.