ओळख बघू, हा कोणता?

डोंगरावरच्या आमच्या घरात सकाळचं ऊन आधी खिडकीतल्या दगडांवर येतं, मग माझ्यावर. एक हिरवट, काचेसारखा. एक अर्धा फुटलेला, आत खडीसाखर भरल्यासारखा चमचमणारा. सगळे आमच्याच जागेत सापडलेले. विहीर खणताना, बांध घालताना असं काही दिसलं की हे हातातलं काम टाकून घरात यायचे, दगड थेट माझ्या पोळपाटाशेजारी ठेवायचे आणि विचारायचे, "ओळख बघू, हा कोणता?"

"दगड," मी म्हणायचे.

"अगं, नाव सांग त्याचं!"

"दगडोबा. उचला आधी, पोळी करपतेय."

मग भिंग लावून, पुस्तकं चाळून हे त्याचं नाव शोधून काढायचे. नाव कळलं की दगड आपला होतो, असं यांचं म्हणणं. मी ते नाव दुसऱ्या दिवशी विसरायचे.

हे गेले, त्या दिवशी स्मशानातून परतलेल्या धाकट्या दिरांनी जीवखड्याची पुरचुंडी आणली. दहाव्यापर्यंत गेलेल्या माणसाचा जीव त्या खड्यात असतो म्हणतात. अंगणातल्या आंब्याला टांगण्याआधी त्यांनी ती सोडून दाखवली. साधा काळा दगड होता. आमच्या डोंगरावर असले पायलीचे पन्नास. यांनी वाकूनसुद्धा पाहिला नसता.

"वहिनी, नमस्कार करा," दीर म्हणाले. "आता हाच दादा."

मी हात जोडले. जन्मभर सगळ्यांना दगड म्हणत आले. त्या एकाला मात्र मला दगड म्हणवेना.