फुकट नेलेलं जुनं पॅनेल

लिफ्टच्या धंद्यात त्याला सगळे वैद्य म्हणत. मोटर उघडण्याआधी तो तिच्या पाठीवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, बेअरिंग गेलंय की ब्रेक घासतोय. मोटर बरी असली तर एवढंच म्हणायचा, "झोपलंय बाळ." त्या शब्दांवर अख्ख्या इमारती निर्धास्त असत. काम अर्धं टाकून तो जेवायला बसलाय, असं कुणी पाहिलं नाही.

थोरली बहीण, आक्का, त्याच्याच इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायची. गुडघे संपलेले, मूत्रपिंडं दमलेली, दिवसाआड डायलिसिस. चाकाची खुर्ची आणि लिफ्ट, हेच तिचे पाय.

लिफ्टचं कंट्रोल पॅनेल जुनं झालं होतं. एक कंपनी नवं द्यायला तयार झाली, जवळजवळ फुकट. रहिवासी बिचकले. "वैद्य काय म्हणतो ते बघू." वैद्याने वायरींचे जोड ओढून पाहिले, लिफ्ट वरखाली फिरवली, मोटरवर हात ठेवला. झोपलंय बाळ. सह्या झाल्या. कंपनीची माणसं जाताना जुनं पॅनेलही उचलून घेऊन गेली.

"भली माणसं," तो बहिणीला म्हणाला. "कचरासुद्धा आपल्यावर टाकला नाही."

"फुकट कुणी दुखणंही देत नाही रे," आक्का म्हणाली.

पुढे पॅनेलसोबत मिळालेली कंपनीची देखभालीची योजना संपली. रहिवाशांनी ती वाढवली नाही. घरातच वैद्य असताना बाहेरचा कशाला?

एके सकाळी लिफ्टच्या दाराचा स्विच झिजून निकामी झाला. वैद्याने त्याच बनावटीचा नवा आणून बसवला. लिफ्ट वरच्याच मजल्यावर उभी होती. बटण दाबलं. लिफ्ट हलली नाही. पॅनेलच्या पडद्यावर अक्षरं आली: 'अनोळखी भाग. सेवा बंद.'

त्याने स्विच काढून पुन्हा बसवला. पुन्हा तीच अक्षरं. त्याने कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई गोड बोलत होती.

"काका, स्विच बरोबरच आहे."

"मग बिघडलंय काय?"

"काहीच नाही. भागाला इथून मान्यता द्यावी लागते. ती फक्त योजनेतल्या ग्राहकांना मिळते."

"मान्यता द्यायला तुम्हाला मेहनत किती?"

"मेहनत कसली? एक बटण दाबायचं. प्रोग्रॅम एकदाच लिहिलाय, सगळीकडे तोच चालतो."

"आणि पैसे?"

"दरवर्षी."

 जन्मभर वैद्याने बिघडलेली यंत्रं पाहिली होती. धडधाकट यंत्र नाही म्हणतं, हे पहिल्यांदाच पाहत होता.

आक्काची डायलिसिसची वेळ होत आली होती. त्याने मेन स्विच पाडला. हाताने चाक फिरवून लिफ्ट खाली आणता येते, पण आत माणसं कमी असली तर दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेलं वजन लिफ्टला वरच खेचतं. खुर्चीतली आक्का आणि सोबत तिची सून, एवढ्याने भागेना.

"ज्यांनी सह्या केल्यात ते आत या," तो जिन्यातून ओरडला.

शेजारीपाजारी आत शिरले. "जन्मात पहिल्यांदा कुणाला माझं वजन हवंसं झालं," एक जाडजूड शेजारीण म्हणाली. 

वॉचमनने ब्रेकचा दांडा धरला आणि वैद्याने चाक फिरवलं. खांदे भरून आले, शर्ट पाठीला चिकटला. लिफ्ट तसूतसूने तळाला आली. आक्का वेळेत दवाखान्यात पोचली.

पण संध्याकाळी तिला वर न्यायचं होतं, आणि परवा पुन्हा खाली. हे खांद्यांच्या जिवावर निभणारं नव्हतं. तेव्हा त्याला आठवलं. जुनं पॅनेल! कुरकुरायचं, पण कुणाची मान्यता मागायचं नाही. त्याने पुन्हा फोन लावला.

"आमचं जुनं पॅनेल परत द्या."

"ते लगेच मोडीत काढतो आम्ही, काका. सगळ्यांचंच. तसा नियमच आहे."

"का?"

 बाई हळूच म्हणाली, "ते असलं तर लोक परत तेच लावतात ना."

 ज्याला वैद्य भलेपणा समजला होता, तोच खरा धंदा होता. आणि त्या धंद्याला दाखला त्याच्याच तळहाताने दिला होता.

संध्याकाळी आक्का खालच्या दारात खुर्चीत बसून होती, चेहरा पिठासारखा पांढरा. रहिवाशांनी निमूट योजना घेतली. वैद्य वर मोटरीपाशी उभा होता. कुणी पान्हा लावला नाही, कुणी स्क्रू फिरवला नाही. पडद्यावरची अक्षरं आपोआप पुसली गेली आणि लिफ्ट आक्काला घेऊन वर निघाली.

सवयीने त्याचा हात मोटरीवर गेला. गार, संथ घरघर, एकही दोष नाही. चटका बसावा तसा त्याने तो मागे ओढला.

तो जिना उतरून खाली आला तोच लिफ्टचं दार उघडलं. "झोपलंय का रे बाळ?" आक्काने विचारलं.

 तो खुर्ची ढकलत तिला घरात घेऊन गेला.